खालच्या खोलीतली बोलणी

रजतला कान्हाचे वाघ बघायचे नव्हते. जिथे कुणी फिरकत नाही अशी संग्रहालयं शोधून बघायचा त्याला नाद होता, आणि पुण्याहून मुलगी बघायला आला तरी तो सुटला नव्हता. मुलगी म्हणजे मी, ऋता. बालाघाटला तसलं एक होतं, कचेरीमागचं, वर एक खोली आणि खाली एक. आईने आम्हां दोघांना हौसेने तिकडे नेलं आणि त्याच्या आईलाही सोबत घेतलं.

मला हे लग्न नको होतं. उकव्याच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि काकूंनी, म्हणजे रजतच्या आईने, पहिल्या चहालाच सांगितलं होतं की त्यांच्या घरात सुनेला नोकरी करावी लागत नाही. ‘लागत नाही’ म्हणजे करायची नाही, हे कळण्याइतकी मी शिकलेली आहे. आईला सांगून पाहिलं. ती पोळ्या लाटत राहिली.

खालच्या खोलीत रजत एकेका मूर्तीपुढे इतका वेळ उभा राहायचा की मूर्तीलाच अवघडल्यासारखं होत असेल. तेवढ्यात वरचं दार वाजलं. मी पायऱ्या चढून गेले तर बाहेरून कुलूप.

आईला फोन केला तेव्हा उलगडा झाला. जेवायला निघालेल्या चौकीदाराने ओट्यावरच्या काकूंना विचारलं होतं, “अंदर कोई है?” काकू मोबाइलमधून मान वर न करता म्हणाल्या, “खाली.” त्यांच्या मराठीत आम्ही खालच्या खोलीत होतो. त्याच्या हिंदीत संग्रहालय रिकामं होतं. तो कुलूप घालून भरवेलीला घरी गेला.

“त्याले आणाले माणूस गेला हाय,” आई म्हणाली. “तवर बोला ना तुमी. घाई काय हाय?”

तिच्या आवाजातला आनंद ऐकून मी दुसरी वाट शोधली. खिडक्यांना गज होते. जितका उशीर, तितकं लग्न पक्कं.

“मले हे लग्न नाही करायचं,” मी रजतला म्हणाले. घाबरले की माझी पुस्तकी मराठी पळून जाते.

तो पायरीवर बसला. “मलाही नाही. पण आईपुढे तोंड उघडत नाही माझं. म्हणून तर असल्या जागा शोधतो. तिचे गुडघे दुखतात, ती आत येत नाही.”

मला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. म्हटलं, मग आज तोंड उघडा. माझ्या नकाराला आमच्या घरात कोण विचारतो, मुलाकडून आला तर विषयच मिटेल. त्याने शपथ घेतली. दार उघडलं की पहिलं वाक्य तेच.

दार उघडलं. चौकीदाराच्या मागे आई, काकू आणि पेढ्यांचा डबा. एवढ्या गप्पा रंगल्या म्हणजे जमलंच, असं दोघींनी बाहेरच ठरवून टाकलं होतं. काकूंनी रजतच्या तोंडात पेढा कोंबला. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो चावत राहिला. गिळून झाल्यावर बुटांकडे बघत राहिला.

आईचा हात माझ्या तोंडाशी आला. मी मागे सरकले.

“मले नको,” मी म्हणाले. “आई, खरंच नको मले.”

“गोड कमीच खाते ही,” आई काकूंना म्हणाली, आणि अर्धा मोडून माझ्या तोंडात घातला.