‘इतर’मध्ये टाकलेली वाडी

मी एक जुना फोल्डर आहे. पुठ्ठ्याचा नव्हे, संगणकातला. माझे नाव बौद्धवाडी. मित्रांनो, आज मी रागात आहे आणि रागातच बोलणार आहे.

हातखंब्याजवळच्या एका गावात, वाचनालयाच्या संगणकावर सात वर्षांपूर्वी स्वप्नाने मला बनवले. ती लोट्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. सुट्टीला घरी आली की वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपून माझ्यात ठेवायची. त्यात सर्वांत मोठी तिच्या आजीची, सुंदराबाईंची. वाडीतल्या बायांनी जांभा दगड फोडून विहीर खणली, त्याची. शाळेतल्या मुलांनी ती वाचली, गुरुजींनी वाखाणली. मी फुलून गेलो. मग कित्येक वर्षे माझ्याकडे कुणी फिरकले नाही.

यंदा गावाचे संकेतस्थळ निघाले. वाचनालयाचे कार्यवाह हरिहरकाका यांनी सगळे फोल्डर लावले. बाकीच्या वाड्या थेट ‘वाड्या’ या फोल्डरात गेल्या. माझ्यासाठी मात्र त्यांनी आत आणखी एक फोल्डर केला आणि मला त्यात ढकलले. त्याचे नाव ‘इतर’.

उद्घाटनाला सुंदराबाई पहिल्या रांगेत होत्या. पडद्यावर एकेक वाडी उघडली. ‘इतर’ उघडला तेव्हा दोन ओळींची प्रस्तावना दिसली, बस्स.

“आमची विहीर कुठाय गो?” त्यांनी नातीला विचारले.

“काहीतरी तांत्रिक असेल,” हरिहरकाका म्हणाले. “पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी! सुंदराबाई शहाऐंशीच्या. माझ्या पोटात तेवीस पाने, आणि मी मुका! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

स्वप्ना तिथेच संगणकापुढे बसली. तिने माझे नाव तपासले, पानांच्या तारखा तपासल्या. सगळे बरोबर. संगणकही चूक दाखवेना. मग ती एकेक फोल्डर वर चढत गेली आणि ‘इतर’मध्ये थांबली. तिथल्या ‘इंडेक्स’ फाइलच्या नावाआधीचा अंडरस्कोर, ती खालची आडवी रेघ, राहून गेली होती. रेघ नसली की संकेतस्थळ बांधणारी प्रणाली अख्खा फोल्डर एकच पान समजते. आतल्यांची पाने बांधतच नाही.

तिने रेघ दिली. माझी तेवीस पाने पडद्यावर आली.

“झालं ना? ऊठ आता,” काका म्हणाले.

“नाही झालं. आमची वाडी ‘इतर’ कशी, काका?”

“अगो, लावताना तुमचं शेवटी आलं म्हणून...”

“रस्ता शेवटी, नळ शेवटी. हे तरी नको!”

तिने मला उचलून बाकीच्या वाड्यांच्या शेजारी ठेवले आणि ‘इतर’ पुसून टाकला.

“विहिरीचं मोठ्यानं वाच,” सुंदराबाई म्हणाल्या. “सगळ्यांना ऐकू दे.”

मित्रांनो, सुटलेली रेघ शोधली की सापडते. पण कुठल्याही फोल्डरावर ‘इतर’ लिहिण्याआधी हात आवरा. आत कोण राहते, ते आधी विचारा.