कुशीवर वळवायची वेळ

घरोघरी रुग्ण सांभाळणाऱ्या बायकांसाठीच्या नियमांच्या मसुद्यावर मंत्रालयात सुनावणी होती. माणिकपूरची आशालता नुसती बसायला गेली होती. तिने तीन वर्षं सांभाळलेले, अंथरुणाला खिळलेले दिनानाथकाका परवाच गेले होते.

अकरा वाजले आणि ती सवयीने उभी राहिली. काकांना कुशीवर वळवायची वेळ. वळवताना ती “रामकृष्ण” म्हणायची, “हरी” काका म्हणत.

“बोला बाई,” ती बोलायलाच उठली असं समजून अधिकारी म्हणाले.

“साहेब, पेशंट गेला की दुसऱ्याच दिवशी आम्हाला नव्या घरी धाडतात. चार दिवस रजा द्या.”

“नातं काय तुमचं?”

“दर दोन तासांनी वळवायचे मी त्यांना.”

“घ्या मसुद्यात,” साहेब लेखनिकाला म्हणाले.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आशालताला काहीच वाटलं नाही. आता एक वाजता वळवायचं, एवढंच मनात आलं.