डावीकडची वाट

आमच्या धाकट्या दिरांना एक वाईट खोड आहे. ते वाकत नाहीत. सोलहून विमानाने इथे जेजू बेटावर उतरायचं, इस्त्रीची पँट घालून थडग्यापाशी उभं राहायचं आणि बोट दाखवायचं. इथलं राहिलं, तिथलं राहिलं. गवत कापणारे आम्ही. यंदा तर बोटाबरोबर नकाशाही घेऊन आले.

आमच्या बू घराण्याची वंशावळ पुन्हा छापायची ठरलीय. निवृत्त मुख्याध्यापकाला दुसरा उद्योग काय? ते काम भावजींच्या गळ्यात. कोणता पूर्वज कुठल्या टेकडीवर पुरलाय, तोंड कुठल्या दिशेला, सगळं लिहायचं. बाईचं नाव त्या पुस्तकात नसतं, नुसतं माहेरचं आडनाव. पण थडगं मात्र बरोबर हवं.

चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे थडग्यावरचं गवत कापायला टेकडी चढलो. मी, माझा मुलगा ग्योंगसू आणि हे दोंगइक भावजी. थडगं माझ्या आजेसासूबाईंचं, पाइनच्या झाडापाशी. ग्योंगसूने गवत कापायचं यंत्र सुरू केलं, तोच भावजी ओरडले.

"बंद कर रे ते! वहिनी, ही आपली आजी नाही."

"मग कोण, तुमची मावशी?"

"चेष्टा नाही करत. जमिनीच्या कचेरीतून जुना नकाशा काढलाय. थोरल्या काकांच्या वहीतही तेच आहे. आजी ओढ्याच्या अंगाला, इथून दोन शेतं खाली. इतकी वर्षं तुम्ही कुणा परक्याचं गवत कापताय."

ग्योंगसू माझा स्वभाव ओळखून आहे. तो चार पावलं मागे सरकला.

इतकी म्हणजे त्रेचाळीस वर्षं. नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हा हा ग्योंगसू पोटात होता. पहिल्या वर्षी थडगं मला कुणी दाखवलं, ते भावजींना आठवत नाही. मला आठवतं. तेव्हापासून एक साल चुकवलं नाही. गवत वाढलेलं थडगं दिसलं की गाव विचारतं, या घरात कुणी उरलं नाही का? बू घराण्याला तसं कुणी विचारलं नाही ते माझ्या विळ्यामुळे. आणि हे म्हणतात परकं!

"नकाशा काढणारा इथे आला होता का पायाने?" मी म्हटलं. "की तोही तुमच्यासारखा रस्त्यावरूनच बघून गेला?"

"वहिनी, तोंड आवरा."

"माझं तोंड आहे, मी आवरीन नाहीतर पसरीन."

भावजी थडग्याभोवतीच्या काळ्या दगडांच्या कुंपणाला फेरी मारायला लागले. आमच्याकडे त्या कुंपणात एक फट ठेवतात, मेलेल्याला जायला-यायला वाट म्हणून. पुरुषाची डावीकडे, बाईची उजवीकडे. भावजी त्या फटीपाशी थांबले, वाकायचे नाहीत म्हणून मान तेवढी लांब केली, आणि एकदम मऊ झाले.

"वाट उजवीकडे आहे. म्हणजे बाईचंच थडगं. नकाशाच चुकला म्हणायचा. वहिनी, माफ करा. हेच लिहितो मी."

त्यांनी वही उघडली. ग्योंगसू हसला आणि टोपलीतून दारूची बाटली काढायला लागला.

मी जिंकले होते. धिरड्यांची ताटली थडग्यासमोर मांडायची आणि दोनदा डोकं टेकवायचं, की झालं. मी ताटली मांडली. उचलली. पुन्हा दुसरीकडे मांडली. भाजलेला मासा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"आई, काय शोधतेस?" ग्योंगसू म्हणाला.

"काही नाही. वारा आहे."

वारा नव्हता. वीस वर्षांपूर्वी मोठं वादळ झालं, त्यात हे कुंपण ढासळलं होतं. दगड पुन्हा रचायला मी एकटीच आले आणि बघते तर जुनी वाट डावीकडे. मी त्या जुन्या गवंड्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. म्हातारी इतकी वर्षं बाहेर पडली कुठून? सणाला घरी जेवायला आली कशी? दोन दिवस दगड वाहिले. डावीकडची वाट बुजवली, उजवीकडे नवी पाडली. तेव्हाही मनात काहीतरी टोचलं होतं. त्याच्यावर मी आणखी एक दगड ठेवला.

मी समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले काढणारी बाई आहे. दम कोंडून धरणं मला कुणी शिकवायला नको. भावजी लिहीत होते आणि मी दम धरून उभी होते. बोलले तर दुपारी सगळं घराणं पंगतीला बसेल तिथे हे उभं राहून सांगणार, की वहिनींनी आजी हरवली. नाही बोलले तर ती बिचारी ओढ्याकाठी काट्यांत, छापील पुस्तकातूनही उठली. आणि हा इथला पुरुष, कुणाचा कोण, भिंतीआड.

"लिहू नका," मी म्हटलं.

"आता काय?"

"ती वाट मी पाडलीय. आधीची डावीकडे होती."

भावजींनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "वहिनी! अख्ख्या घराण्याला तुम्ही परक्यापुढे डोकं टेकवायला लावलंत. घराण्याच्या मंडळाला काय सांगू मी?"

"खरं सांगा. आधी चला खाली."

दोन शेतं उतरलो. ओढ्याच्या वरच्या अंगाला काटेरी झुडपांचा ढीग होता. ग्योंगसूने वेल ओढले तेव्हा काळे दगड दिसले. उजव्या बाजूला हातभर फट. आत गवत माझ्या खांद्याएवढं. भावजी कुंपणाबाहेर उभे राहिले आणि त्यांनी बोट वर केलं. "ग्योंगसू, तिकडून सुरुवात कर."

मी ग्योंगसूचा हात धरला. कमरेचा विळा काढला आणि भावजींच्या त्या बोटात अडकवला. लग्न होऊन आले तेव्हा या माणसाचे शाळेचे कपडे मी धुतलेत. मास्तर झाल्यापासून मात्र 'तुम्ही' म्हणत आले.

"दोंगइक, ऐक. तुझा भाऊ गेला त्या वर्षी पोट सांभाळत मी टेकडी चढायला निघाले होते, आणि तू पांढऱ्या बुटांना चिखल लागेल म्हणून रस्त्यावरूनच बोट दाखवलंस, थडगं ते, पाइनच्या झाडापाशी म्हणून. बोट तुझं, विळा माझा. पंगतीत सांगशील तेव्हा दोन्ही सांग. आता आत जा आणि वाक. ही तुझी आजी आहे, हिचं गवत तू कापायचं. मी वर चाललेय. एका माणसाला वीस वर्षं कोंडून ठेवलंय मी, त्याची वाट मोकळी करायचीय."