सहावा बोल्ट

त्या सकाळी समीक्षाने एकवीस दोष लिहिले. अकरा डब्यांना पोचे, सात झाकणांची कड सुटलेली, तीन डब्यांवर लेबल उलटं. मालवणजवळच्या त्या कारखान्यात बांगडा माशाचे डबे भरत, आणि जे जे बिघडलेलं दिसेल ते वहीत चढवणं हे तिचं काम. तिचे वडील धोंडू तिथली वाफेची टाकी चालवत. भरलेले डबे आत ठेवायचे, लोखंडी झाकण सहा बोल्टांनी आवळायचं, वाफ सोडायची.

"चित्रगुप्ताक रजा देवन तुकाच बसवक होया," वही बघून ते म्हणाले.

ती हसली नाही. सहाव्या बोल्टाचे आटे झिजले होते. बोट फिरवताच तिला ते कळलं. तिने यंत्रांच्या रकान्यात पेन टेकवलं तसा त्यांनी तिचा हात धरला.

"लिवू नको गो. मासेमारी बंद होवक चार दिवस ऱ्हवले हत. टाकी थांबली तर सगळ्या बायकांका घराक धाडतले. मी आसंय मा हय."

तिने 'दोष नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास झाकण उडालं. धोंडूंच्या छातीवर आदळून त्यांना मागच्या भिंतीपर्यंत घेऊन गेलं. मागोमाग उकळतं पाणी आणि फुटलेले डबे. बायका एकमेकींना तुडवत दाराकडे धावल्या. समीक्षा उलटी धावली. तिने झाकण ओढलं तेव्हा तिच्या तळहातांची कातडी लोखंडालाच राहिली. वडिलांचा खालचा जबडा जागेवर नव्हता. दंडाला धरून उचलायला गेली, तर सदऱ्याबरोबर कातडीही सोलून हातात आली.

अहवालात आलं की मृत कामगाराने बोल्ट नीट आवळला नाही. पुरावा म्हणून तिच्याच वहीचं पान जोडलं होतं. मालकाचा पुतण्या मितेश ते वाचून दाखवायला घरी आला. तिने पितळेचा तांब्या त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले, घरापुढच्या खळ्यात रक्त सांडलं. खरं काय ते मात्र तिच्या तोंडून निघालं नाही.

ऑगस्टात होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. कारखाना उघडण्याआधी दारात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. म्हातारे गंगाराम एकेक मागणं मागत होते आणि जमलेले सगळे होकार भरत होते.

"धोंडूच्या हातान जी काय चूक झाली, ती पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"नाय म्हाराजा," समीक्षा म्हणाली. गंगाराम थांबले. "चूक तेंच्या हाताची नाय. बोल्ट झिजलेलो, ह्यां माका म्हायत होतां. 'दोष नाही' म्हणान मी लिवलंय."