मास्तरांचा एकच दोरा

रफूच्या त्या दुकानात खुर्ची एक, स्टूल एक आणि बाक एक. खुर्ची मास्तरांची, स्टूल काकूंचं आणि बाक गिऱ्हाइकांचा. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, सुईतले. आणि काकू म्हणजे त्यांची बायको. कोट खिळ्याला अडकून फाटलेला असो, विडीनं जळलेला असो की उंदरानं कुरतडलेला, मास्तर भोक असं बुजवत की मालकालाच ते शोधावं लागे. "माझं रफू शोधून दाखवा आणि कोट फुकट घेऊन जा," असं ते ऐटीत म्हणत. कोट मुळात गिऱ्हाइकाचाच, तेव्हा फुकट द्यायला यांचं काय जातं, असं काकू म्हणत.

अशा या मास्तरांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नसे.

ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती आणि त्यांतले एक मास्तर स्वतः. काकूंना ती लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळली. माहेरून आणलेली हिरवीगार लोकरीची शाल पांघरून त्या दुकानात आल्या, तर नवरा कौतुकानं म्हणाला, "ही मातकट शाल तुला फार शोभते हं." काकूंना आधी रागच आला. नवी कोरी शाल, आणि मातकट? मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बिचारा अगदी मनापासून बोलत होता. काकूंनी दोन रिळं त्याच्यापुढे धरली आणि विचारलं, "यातलं लाल कुठलं?" तेव्हा त्याचा चेहरा जो उतरला, तो काकू कधी विसरल्या नाहीत.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "रंग न कळणाऱ्या रफूगराच्या हातात कोट कोण देईल?"

काकूंनी सांगितलं नाही. आईला नाही, भावाला नाही, आणि पुढे पोटच्या लेकीलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या मुठीत बसून धंदा कसा चालला म्हणाल, तर मास्तरांनी एक रीत धरली होती. बाजारचा दोरा होईल तितका टाळायचा. कोटाचीच आतली शिवण उसवायची, दुमडीत दडलेल्या कापडाचे दोरे एकेक करून ओढून काढायचे आणि त्यांनीच भोक विणून घ्यायचं. कोटाचा दोरा कोटालाच, मग रंग जुळतो की नाही हा प्रश्नच उरत नाही. काम दुप्पट वेळखाऊ, डोळे फोडणारं. पण रफू असं व्हायचं की लोक त्यांना कलाकार म्हणायचे. आणि जिथे दुमड नसेल तिथे काकूंच्या गाठी होत्या. रिळाच्या सुट्या टोकाला लाल असेल तर एक गाठ, हिरवं असेल तर दोन, तपकिरी असेल तर तीन. मास्तर बोटानं चाचपून रीळ उचलत. शिवाय खणातली रिळांची जागा ठरलेली. लेक लहान असताना तिनं एकदा त्या रिळांचा महाल बांधला होता, टोकं सोडवून त्यांची तोरणं लावली होती. बाप उभ्या आयुष्यात तिला एकदाच ओरडला, तो तेव्हा.

ती लेक आता शाळेत जीवशास्त्र शिकवत होती आणि तिला एक मुलगा होता. रांगता असताना त्यानं आजोबांच्या दुकानातलं बटण गिळलं होतं. बटण यथावकाश परत मिळालं, नाव मात्र त्यालाच चिकटलं. हा बटण शाळा सुटली की दप्तर फेकून आजोबांच्या पायाशी येऊन बसे. मास्तरांना आताशा सुईचं नाक दिसत नसे, ते काम याच्याकडे. आपण मोठेपणी आजोबांच्या खुर्चीत बसणार, असं त्यानं केव्हाच जाहीर केलं होतं. खुर्ची रिकामी होण्याची घाई नाही ना रे, असं आजोबा विचारत.

आणि मग तो येईनासा झाला. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. मास्तर काही बोलत नसत, पण दाराकडे बघून सुई बोटात टोचून घेत. काकूंना दोन्ही दिसत होतं.

त्या दिवशी संध्याकाळी बाकावर वकीलसाहेब बसले होते. जुनं गिऱ्हाईक, बाहीला भोक पडलेला त्यांचा घरी घालायचा कोट मास्तरांच्या मांडीवर होता आणि तो झाल्याशिवाय ते हलणार नव्हते. तेवढ्यात लेक आली. तिच्या मागे, तिच्या पर्सआड लपत, बटण.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडून येतोय," लेक म्हणाली. "यानं गेल्या आठवड्यात चित्रात झाडाचं खोड हिरवं रंगवलं आणि पानं तपकिरी. वर्गात सगळे हसले. मला शंका आलीच होती. डॉक्टरांनी ठिपक्यांची चित्रं दाखवली, त्यातले आकडे याला दिसेचनात. लाल-हिरवा कळत नाही याला."

काकूंनी मास्तरांकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांना ठाऊक होतं, की अशा वेळी तिकडे पाहायचंच नसतं.

"कशानं होतं गं हे?" त्यांनी विचारलं. "फार टीव्ही बघून?"

"नाही गं आई. जन्मतःच असतं. माझ्याकडून आलंय त्याला." लेकीचा आवाज जरा कापला. एरवी चाळीस पोरांपुढे खणखणीत बोलणारी बाई ती.

"जावईबापूंचा काहीच दोष नाही?"

"काही नाही."

"बघ हं नीट. आम्हाला त्यांनाच दोष द्यायची सवय झालीय."

लेक हसली, डोळे पुसले, आणि वर्गात असल्यासारखी उभी राहिली. मग तिनं खण उघडून रिळं बाहेर काढली. मास्तरांचा हात अर्धवट वर आला आणि खाली गेला.

"आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात," ती म्हणाली. "रिळंच समज. त्यावर गुंडाळलेली जनुकं म्हणजे आपण कसे होणार याच्या सूचना. डोळे कसे, केस कसे. लाल-हिरवा ओळखायची सूचना ज्या रिळावर असते, तसली रिळं बाईकडे दोन असतात, एक आईचं आणि एक बापाचं. एकावरचा दोरा खराब निघाला तरी दुसऱ्यावर भागतं, तिला कळतही नाही. पुरुषाकडे तसलं रीळ एकच, आईकडून आलेलं. बापाकडून त्याला मिळतं ते आखूड, त्यावर ही सूचनाच नसते."

"म्हणजे पुरुषाकडे एकच दोरा," वकीलसाहेब म्हणाले.

"मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं," काकू म्हणाल्या.

"माझ्या दोन रिळांपैकी एक खराब आहे, आणि बटणच्या वाट्याला नेमकं तेच आलं," लेक पुढे म्हणाली. "चांगलंही येऊ शकलं असतं. आता माझ्याकडे ते आलं कुठून? बाबांकडे एकच रीळ, आणि ते मुलीला मिळतंच. ते खराब असतं तर बाबांनाच रंग कळले नसते." तिनं सगळ्या दुकानावरून हात फिरवला, कोटांवरून, शालींवरून, रिळांवरून. "आणि बाबा तर रफूगर! म्हणजे आई, ते तुझ्याकडून."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा. काकूंनी तो दोन्ही हातांनी धरला.

"माझ्याकडूनच!" त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर. आमच्या माहेरचंच आहे ते. माझ्या भावालाही नाही का, लाल-हिरवं काही म्हणता काही कळत नाही!"

"मामाला?" लेकीनं सावकाश विचारलं. "आई, मामानं आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलं. सिग्नल बघून."

"कुठल्या मार्गावर?" वकीलसाहेबांनी घाईनं विचारलं.

काकूंनी जीभ चावली. खोटं बोलायचं तर त्याला सराव लागतो, आणि त्यांचा सराव होता तो गप्प राहण्याचा. लेक त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. उत्तर चुकलेल्या पोराकडे बाई बघतात तशी. तेवढ्यात पर्सआडून बारीक आवाज आला.

"आजी, तू खोटं नको बोलूस माझ्यासाठी. मी नाही येणार दुकानात. मी लाल कोटाला हिरवा दोरा लावीन आणि मग आजोबांचं नाव जाईल."

एवढं बोलून त्यानं ओठ घट्ट मिटले. रडू येऊ नये म्हणून पोरं करतात तसं. काकूंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. एका बाजूला नवऱ्याची जन्मभर जपलेली लाज, दुसऱ्या बाजूला हे एवढंसं तोंड, आणि बाकावर गावभर उठबस असलेला वकील. कुणाला सांभाळावं? त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधी मास्तरांनी सुई कोटात खोचली आणि चष्मा काढला.

"आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?" ते म्हणाले. "हिच्या माहेराला कशाला बदनाम करता? आड इथे बसलाय, खुर्चीत."

"अहो..." काकू म्हणाल्या.

"असू दे गं. खूप सांभाळलंस." मग ते लेकीकडे वळले. "मलाही कळत नाही लाल-हिरवा. कधीच कळला नाही. तुझी आई सांगते, मी शिवतो."

लेक खाली बसली. स्टूल काकूंचं होतं, पण त्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही. तिनं हातातल्या रिळाच्या टोकावरून बोट फिरवलं. एक गाठ. दुसरं घेतलं. दोन गाठी.

"म्हणून ओरडला होतात?" ती म्हणाली. "महाल बांधला तेव्हा?"

"सगळ्या गाठी सोडवल्या होत्यास तू. मला काहीच सुचेना." मास्तर खाली बघत म्हणाले. "नंतर फार वाईट वाटलं होतं."

"मला सांगायचं ना, बाबा."

"तू मैत्रिणींना सांगायचीस, माझ्या बाबांना जगातले सगळे रंग कळतात. मग कसा सांगू?"

लेकीनं त्यांचा सुया टोचून टोचून खरखरीत झालेला हात गालाशी धरला आणि ती मुसमुसून रडली. काकूही रडल्या. वकीलसाहेबांनी छताकडे बघितलं.

बटण मात्र रडायचं विसरून गेला होता. तो पर्सआडून बाहेर आला, खुर्चीला बिलगला आणि मांडीवरच्या कोटाकडे बोट दाखवून त्यानं हळूच विचारलं, "आजोबा, हा कुठल्या रंगाचा?"

"तुला कुठला वाटतो?"

"तपकिरी."

"मलाही."

"गडद हिरवा आहे तो!" वकीलसाहेब कळवळून म्हणाले.

"असेल," मास्तर म्हणाले. "रंग कुठलाही असो, याचा दोरा कुठे दडलाय ते मला माहीत आहे." त्यांनी कोट उलटा केला, बटणचं बोट धरून आतल्या दुमडीवर ठेवलं आणि दोघांनी मिळून एक लांबसडक दोरा ओढून काढला. "कोटाला भोक पडलं की औषध त्याच्याच पोटात असतं. हे काम मला जमलं ना, ते रंग कळत नाही म्हणूनच. कळत असता तर बाजारचा दोरा लावून मोकळा झालो असतो, चार लोकांसारखा."

वकीलसाहेब उठले. त्याच कोटाच्या खांद्यावर एक भोक मास्तरांनी पूर्वी बुजवलं होतं. दिव्याखाली कोट धरून ते ती जागा शोधत राहिले. सापडली नाही.

"बाहेर बोलू नका हं," काकू म्हणाल्या.

"वहिनी, वकिलाच्या पोटात खून पचतात. तुमचं रफू कुठे घेऊन बसलात?"

"आई," बटणनं विचारलं, "माझ्या रिळावरचं भोक रफू करता येतं का गं?"

लेकीनं नाक पुसलं. "तसलं काम करणारे लोक आहेत," ती म्हणाली. "जनुकाची चांगली नक्कल तयार करतात आणि पेशीच्या आत नेऊन सोडतात. सुई म्हणून विषाणू वापरतात, त्यातला रोग काढून टाकलेला. काही आजारांत जमू लागलंय. रंगांच्या या दोषाचं माकडांवर जमलंय, माणसांच्या दवाखान्यापर्यंत अजून पोचलेलं नाही."

"माकडांवर जमलं ना," काकू नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मग तुमचा नंबर लवकरच लागेल."

मास्तर हसले नाहीत. ते विचार करत होते. "विषाणूची सुई," ते स्वतःशीच म्हणाले. "नाक केवढं असेल तिचं?" मग मान हलवून म्हणाले, "याच्या वेळेपर्यंत उपाय येईल कदाचित. आला तर करून घे रे बाबा. नाही आला तर दुमडीत शोधायचं."

बाहेर गार वारं सुटलं होतं. काकूंनी खुंटीवरची शाल काढून खांद्यावर घेतली. माहेरची, तीच. किती ठिकाणी विरलेली आणि किती वेळा मास्तरांनी विणून काढलेली, त्याला गणतीच नव्हती.

बटण तिच्याकडे बघत होता. "आजी, ही कुठल्या रंगाची गं?"

काकू सांगणार होत्या. जन्मभर हेच तर केलं होतं त्यांनी. पण काय वाटलं कोण जाणे, त्या थांबल्या. "तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

आजोबांनी नातवाकडे पाहिलं, नातवानं आजोबांकडे, आणि दोघं एकदम म्हणाले, "मातकट."

मास्तरांचा हात बटणच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. काकूंनी त्यांना हरतऱ्हेचे रंग सांगितले होते, पण त्यांना दिसते तशी ती शाल बघायला सोबत कधी देता आली नव्हती. ती सोबत आज आली होती, आणि सुईत दोरा ओवत होती.

"शोभते हं तुला," मास्तर म्हणाले.