बंद खटक्यापुढे बोललेली माणसं

मित्रांनो, सिनेमा सुटल्यावर तुम्ही जिना उतरत असताना कधी एकदम तोंडासमोर लाल टोपीचा माइक आला असेल आणि "कसा वाटला पिक्चर?" असं कुणी ओरडून विचारलं असेल, तर आपली ओळख झालेली आहे असं समजा. तो मीच. मी एक जुना माइक आहे. ही लाल टोपी माझी नाही, माझ्या आधीच्या माइकची आहे. माझी स्वतःची काळी टोपी उंदरांनी कुरतडली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या एका बाईने माझ्या पोटात तारा जोडल्या, तोंडावर जाळी बसवली आणि मानेवर एक छोटा खटका लावला. हा खटका वर असला की माझ्या कानावर पडलेलं पुढे जातं, खाली असला की ते माझ्यापाशीच राहतं. ऐकू मला दोन्ही वेळा येतं. हे माणसांना माहीत नसतं, आणि त्यांना सांगायची सोय माझ्याकडे नाही.

उमेदीची वर्षं मी एका सभागृहात काढली. तिथे मी भाषणं ऐकली, गाणी ऐकली, बक्षीस समारंभ ऐकले. पाहुण्यांच्या भाषणात अख्खं सभागृह डुलक्या घ्यायचं, जागा फक्त मी. गाणं शिकवणाऱ्या एक बाई तिथे यायच्या. त्या मला हातात घेण्याआधी रुमालाने पुसायच्या आणि म्हणायच्या, "हा गुणी आहे हो, आवाज फाडत नाही." त्या दिवसांत मी जरा शेफारलोच होतो. मग एका अध्यक्षांनी बोलण्याच्या भरात हात उडवला आणि मी स्टेजवरून खाली पडलो. माझी जाळी चेपली. नवे माइक आले, आणि मी मेलेल्या चार्जरांच्या सोबतीला खणात जाऊन पडलो. तिथे किती काळ गेला ते सांगता येणार नाही. अंधारात दिवस मोजता येत नाहीत.

तिथून मला तोफेने उचललं. तोफ हे त्याचं टोपणनाव. माणूस तिशीतला, मनाने चांगला, पण आवाज असा की त्याने जिन्याखाली "नमस्कार मंडळी" म्हटलं की वरच्या मजल्यावरचा डोअरकीपर दचकायचा. नव्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला जायचं, प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घ्यायच्या आणि त्यांचा व्हिडिओ करून टाकायचा, हा त्याचा उद्योग. मोबाईल तिपाईवर उभा करायचा, त्यात चित्र यायचं. आवाज माझ्यामार्फत जायचा. दुसऱ्या हातात दुसरा मोबाईल, त्यात किती लोकांनी पाहिलं ते बघत राहायचं.

तोफेत एकच खोट होती. प्रश्न विचारून झाला की त्याचे कान सुट्टीवर जायचे. समोरचा माणूस पोटतिडकीने बोलत असायचा, तोफ मान डोलवत असायचा, आणि डोळे मात्र त्या दुसऱ्या मोबाईलमध्ये. माणूस थांबला की हा म्हणायचा, "म्हणजे पैसा वसूल!" समोरच्याने सिनेमाला शिव्या घातल्या असल्या तरी तेच.

आणखी एक त्याची स्वतःची युक्ती होती. बाकीचे माइकवाले सिनेमा संपायची वाट बघत चहा पीत उभे असायचे. तोफ मध्यंतरातच प्रतिक्रिया घ्यायचा. ते लोक चहाचे कप टाकेपर्यंत याचा व्हिडिओ गावभर झालेला असायचा. लोकही काही कमी नव्हते. मध्यंतरात एका गृहस्थांनी मला गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, "पहिला भाग उत्तम, दुसरा थोडा लांबलाय." दुसरा भाग सुरू व्हायचा होता.

आता त्या कोर्टाच्या सिनेमाचं सांगतो.

त्यात एक मोठा खटला असतो. खटल्यातला मुख्य पुरावा कोर्टातल्या खोलीतून नाहीसा होतो. वकील, पोलीस, पुढारी असे सगळे त्या कटात अडकलेले असतात, पण संशय येतो तो खोलीची किल्ली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनावर. मध्यंतराच्या आधी तो कारकून इकडेतिकडे बघत पिशवीत काहीतरी लपवून नेताना दिसतो, आणि दिवे लागतात. हे सगळं मला प्रेक्षकांच्या तोंडून कळलं. मला कधी कुणी आत नेलं नाही.

त्या दिवशी मध्यंतरात लोक तावातावाने बाहेर आले. तोफेने माझा खटका वर केला आणि मला पुढे धरलं.

"त्या कारकुनाला आधी आत टाका!" एक दुकानदार म्हणाला. "चेहराच चोराचा आहे हो त्याचा."

"वकीलबिकील सगळे नंतर. घरभेदी तो म्हातारा आहे," एक कॉलेजातली मुलगी म्हणाली.

"मला तर वाटत होतं पडद्यात हात घालून त्याची मानगूट धरावी," असं एका आजींनी सांगितलं, आणि त्यांच्या नातीने त्यांना हसत हसत मागे ओढलं.

एक वकीलबाई "कोर्टात असं होत नसतं" असं समजावून सांगायला लागल्या, पण तोफेने मला त्यांच्यासमोरून काढून घेतलं. असल्या बोलण्याला कुणी बघत नाही, असं त्याचं मत. मग त्याने घाईघाईने व्हिडिओ टाकला, नाव दिलं ‘कारकुनाला फाशी द्या, प्रेक्षक भडकले’, आणि सेल वाचवायला माझा खटका खाली केला.

तेवढ्यात खांबाआडून एक म्हातारा पुढे आला. डोक्यावर टोपी, नाकापर्यंत मफलर. त्याने मफलर खाली ओढला आणि तोफेचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"काका, तुम्हीच की! तो कारकून! एक सेल्फी..."

"सेल्फी राहू दे रे," म्हातारा नट म्हणाला. "माझं एक काम करशील? संपल्यावर परत लोकांना विचारशील? नीट, सावकाश?"

"विचारणारच आहे. का हो?"

नट तोफेच्या जवळ सरकला. "माझ्या बायकोला दिसत नाही. साखरेच्या आजाराने डोळे गेले तिचे. माझं काम तिला बघता येणार नाही, ऐकायचं ते लोकांच्या तोंडूनच. मध्यंतरानंतर तो कारकून काय आहे ते कळतं. तेव्हा लोक काय म्हणतील माहीत नाही. पण जे म्हणतील ते मला तिला ऐकवायचंय. चाळीस वर्षं नाटकं केली मी, पण असा रोल कधी मिळाला नव्हता."

"काका, निश्चिंत राहा," तोफ म्हणाला आणि मोबाईलकडे वळला. मध्यंतराचा व्हिडिओ धो धो चालला होता.

दुसऱ्या भागात असं उघड होतं की कारकुनाने तो पुरावा विकलेला नसतो. चोरांच्या हाती लागू नये म्हणून त्याने तो लपवलेला असतो. पण सांगितलं तर त्याच्या मुलीचा जीव जाणार असतो. म्हणून साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून त्याला विचारतात, "तुम्हाला काही सांगायचंय?" तेव्हा तो तोंड उघडतो आणि काही न बोलता परत मिटतो. आळ अंगावर घेऊन तुरुंगात जातो.

सिनेमा सुटला आणि दारं उघडली, तरी गडबड ऐकू येईना. लोक हळूहळू खाली आले. तोफेने तिपाई नीट केली, मोबाईल सुरू केला, मला पुढे धरलं.

मित्रांनो, माझा खटका खालीच होता.

आतून ओरडावंसं वाटत होतं, पण मी काय करणार? मला आवाज नाही. माझा जो काही आवाज आहे तो तुमचाच.

मघाचा दुकानदार आला. त्याने आधी चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मी मघाशी त्यांना चोर म्हटलं. मला लाज वाटतेय. त्या माणसाने काम केलंय असं वाटतच नाही, तो तसाच असणार." त्या आजी आल्या, त्यांना बोलताच येईना, त्या नुसत्या हात जोडून पुढे गेल्या. शेवटी सुती साडीतली एक परिचारिका आली. ती रडत होती आणि तिला त्याचं भानही नव्हतं. "तो तोंड मिटतो ना," ती म्हणाली, "माझे वडील असेच गेले. ऑफिसातला आळ घेऊन. आम्ही पोरं त्यांच्याशी धड बोललो नाही शेवटपर्यंत. आज त्या नटाने मला माझे वडील दाखवले. तो कुठे भेटला तर मी त्याच्या पाया पडेन."

तिच्यापासून हातभर अंतरावर तो मफलरवाला म्हातारा उभा होता. त्याने मफलर आणखी वर ओढला.

"म्हणजे पैसा वसूल!" तोफ म्हणाला. त्याचे डोळे मोबाईलमध्ये होते.

सगळे पांगल्यावर तोफेने व्हिडिओ लावून पाहिला. चित्र होतं. दुकानदाराचे ओठ हलत होते, परिचारिकेच्या गालावरून पाणी वाहत होतं. आवाजाच्या जागी काही नव्हतं. तोफेने माझी मान पाहिली, खटका पाहिला, आणि पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला, "मेलो."

नटाने तो मुका व्हिडिओ दोनदा पाहिला. तो चिडला नाही. "हिला चित्राचा काय उपयोग," एवढंच म्हणाला.

तोफ मनाचा चांगला आहे हे मी आधीच सांगितलंय. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन पुन्हा तिथे गेला, खटका तीन तीनदा तपासला. पण तोवर शेवट काय आहे ते गावभर झालं होतं. लोक बाहेर आले ते घड्याळ बघत. "छान आहे. म्हाताऱ्याने बरं केलंय," असं म्हणून ते रिक्षा शोधायला गेले. तो दुकानदार काही परत आला नाही. त्या परिचारिकेला शोधायचं तरी कुठे?

शेवटी तोफ नटाच्या घरी गेला, मला हातात घेऊन. दोन लहान खोल्या, खिडकीशी पलंग, पलंगावर काकू बसलेल्या. वाळलेले कपडे मांडीवर घेऊन नुसत्या हाताने त्या घड्या घालत होत्या, आणि घड्या अगदी सरळ होत्या. त्यांच्या उशाशी मोबाईल होता. मध्यंतराचा व्हिडिओ त्यांनी ऐकलेला होता. त्यांच्या भाच्याने लावून दिला होता.

"अगं, हा त्या दिवशीचा मुलगा," नट म्हणाला. "मी सांगितलं ना तुला, शेवटी लोक रडत होते."

"हो, सांगितलंत," काकू म्हणाल्या. "मध्यंतरानंतर."

"खरंच मध्यंतरानंतर!"

काकू हसल्या. तोफेकडे तोंड करून म्हणाल्या, "बाळ, यांच्या प्रत्येक नाटकात लोक मध्यंतरानंतरच रडायचे. माझा भाऊ नाटकाला जाऊन यायचा, तो सांगायचा, मध्यंतरानंतर थिएटरात माणूस नव्हता. हे घरी येऊन म्हणायचे, लोक उभे राहिले होते. मी म्हणायचे, खुर्च्या कमी पडल्या वाटतं. मी शिवणकाम करून घर चालवायचे म्हणून मला वाईट वाटू नये, यासाठी सगळं. मला कळत नव्हतं असं थोडंच?"

नटाचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं त्याने तिला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं होतं, आणि आता खरं सांगायची वेळ आली तर त्याच्याकडे दुसरे शब्दच उरले नव्हते.

"या वेळचं खरं आहे गं," तो म्हणाला. "एक बाई होती. तिचे वडील..."

काकूंनी घडी बाजूला ठेवली. "तू होतास ना रे तिथे?" त्यांनी तोफेला विचारलं. "तू सांग. खरंच काही म्हणाली ती?"

"हो काकू. म्हणाली ना."

"काय म्हणाली?"

मी त्याच्या हातातच होतो. मला शब्द न् शब्द पाठ होता. तोफ आठवायला लागला. त्याने मला या हातातून त्या हातात घेतलं. पण ऐकलंच नव्हतं, तर आठवणार कुठून? शेवटी तो म्हणाला, "म्हणाली... एकदम पैसा वसूल."

काकूंनी चाचपत नवऱ्याचा हात हातात घेतला आणि त्यावर थोपटलं. "अहो," त्या फार मायेने म्हणाल्या, "या पोराला कशाला पढवून आणलंत? मला काही नको होतं हो."

नटाने तोंड उघडलं आणि मिटलं.

तोफेला काय करावं सुचेना, म्हणून त्याने सवयीने माझा खटका वर केला आणि मला काकूंपुढे धरलं. "काकू, दोन शब्द बोला."

"मी काय बोलू? मी सिनेमा पाहिला नाही," काकू म्हणाल्या. "पण जन्मभर यांनी मला इतकं सुंदर खोटं सांगितलं की याहून चांगलं काम यांनी तिथे केलं असेल असं मला वाटत नाही."

हे मात्र नीट रेकॉर्ड झालं. तोफेने तो व्हिडिओ टाकला, आणि त्याच्या आजवरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा तो जास्त चालला. लोकांना काकू फार आवडल्या. कुणी हसलं, कुणी बदामाची चित्रं पाठवली. नट अजून त्या घरात गप्प असतो, असं तोफ परवा कुणाला तरी सांगत होता. हल्ली तोफ समोरच्याच्या तोंडाकडे बघून ऐकतो. प्रश्न कमी विचारतो.

मित्रांनो, मला पुसा, जपा, उंदरांपासून सांभाळा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी लोखंडाचा आहे, निभावून नेईन. तुम्ही कुणाला काही विचारलंत तर त्याचं बोलणं संपेपर्यंत तिथे असा, एवढंच मागतो. मनातलं बोलणं माणूस एकदाच बोलतो. आणि खिडकीशी बसून न बघता घड्या घालणाऱ्या त्या काकू तुम्हाला कुठे भेटल्या, तर त्यांना सांगा, ती बाई खरंच रडली होती. तुमच्या नवऱ्याच्या पाया पडेन म्हणाली होती. मी ऐकलंय. तुम्ही सांगा.