महाराज हरत नाहीत, अशोक लढत नाही

मी एक खेळ आहे, आणि मला आजवर कोणी शेवटपर्यंत खेळलेलं नाही. हसू येत असेल तर खुशाल हसा. पण भरल्या ताटावर बसवून दर घासाला कोणी हात धरत असेल, तर माणसाचं डोकं फिरेल की नाही? माझं फिरलंय.

माझं नाव 'रणांगण'. बावन्न पत्त्यांचा कॅट. पण माझ्यात बदाम-इस्पिक नाही आणि गुलामही नाही. माझ्या प्रत्येक पत्त्यावर इतिहासातला एक योद्धा आहे. शिवाजी महाराज आहेत, सम्राट अशोक आहे, राणा प्रताप, झाशीची राणी, सिकंदर, चंगेजखान, नेपोलियन, सगळी बडी मंडळी. चित्राखाली तीन आकडे: शौर्य, युक्ती आणि फौज. पत्ते दोघांत अर्धे अर्धे वाटायचे. दोघांनी आपापला वरचा पत्ता टाकायचा. ज्याची पाळी असेल त्यानं 'शौर्य' म्हणायचं, नाहीतर 'युक्ती', नाहीतर 'फौज'. ज्याचा आकडा मोठा, त्यानं दोन्ही पत्ते उचलायचे. सगळे पत्ते ज्याच्याकडे आले, तो जिंकला. शेंबड्या पोरालाही कळेल. दोन म्हाताऱ्यांना मात्र अजून कळायचा आहे.

मला घडवलं रुचिकानं. आर्वीच्या बाजारात बंडूजींचं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान आहे, त्यांची ही धाकटी मुलगी. नागपूरला कॉलेजात चित्रं काढायचं शिकते. तिनं एकेका योद्ध्याच्या मिशा आणि पागोटी रंगवली, पुस्तकं चाळून आकडे ठरवले, माझे कोपरे गोल कापून घेतले आणि मला लाल डबीत घातलं. काय रुबाब होता माझा! दिवाळीत ती घरी आली आणि मला बापाच्या हातात ठेवलं.

"बाबा, ती रमी सोडा आता. तुम्ही अन् प्रेमदासकाका हा खेळून पाहा. फक्त एक पुरा डाव खेळा अन् मला सांगा, कुठं अडते ते. मग मी तो सुधारून बाहेर विकायला देईन."

एवढंच मागितलं होतं हो पोरीनं. एक पुरा डाव.

प्रेमदासजी म्हणजे बंडूजींचे शाळेपासूनचे दोस्त. एसटी डेपोत होते. आंजीमार्गे वर्ध्याची गाडी लागली की माइकवरून पुकारायचे, तो खणखणीत आवाज अजून तसाच आहे. आता रिटायर झालेत. दुपारची गिऱ्हाइकी ओसरली की ते दुकानाच्या ओट्यावर येतात, आतून बंडूजींच्या पत्नी कौशल्याबाई चहा पाठवतात आणि दोघं पत्ते काढतात. घरात लग्न असो की दुखणं, तो ओटा कधी चुकला नव्हता.

बंडूजींची एक सवय आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. ढेपेच्या धंद्यात हाताला सदा धूळ. त्यामुळे ज्या वस्तूला मान द्यायचा ती ते आधी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं दोन्ही बाजूंनी पुसतात आणि मग कपाळाला लावतात. सकाळची किल्ली असो, तराजूची दांडी असो, रुचिकाची मार्कशीटसुद्धा अशीच पुसली होती म्हणे. हात आपोआप चालतो, त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

पहिल्याच डावात बंडूजींकडे महाराज आले. झालं! त्यांनी पायातल्या चपला काढल्या, पत्ता पुसला, कपाळाला लावला आणि अलगद ठेवला. समोर प्रेमदासजींचा चंगेजखान. पाळी प्रेमदासजींची.

"फौज," ते म्हणाले.

चंगेजखानाची फौज पंच्याण्णव. महाराजांची चाळीस.

"अबे, हे काय लिहून ठेवलं पोट्टीनं? महाराजांची फौज चाळीस?"

"मंग? थोड्या फौजेनं येवढं राज्य केलं, म्हणून तं मोठे ना ते! युक्ती पाह्य ना, शंभर हाय."

"मले नको शिकवू. महाराज चंगेजखानाच्या हाती गेले, हे मी माह्या ओट्यावर होऊ देईन का?"

आणि त्यांनी खिशातला पेन काढून चाळीसच्या आधी एकाचा आकडा ओढला. एकशे चाळीस! माझ्या अंगावर कोणी पेन चालवेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बोंब मारली असती, पण तोंडं बावन्न आणि आवाज एकाचाही नाही.

मला वाटलं, निदान प्रेमदासजी शहाणे आहेत. कसचे शहाणे! दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे सम्राट अशोक आला, आणि बंडूजींनी राणा प्रताप टाकून 'शौर्य' म्हटलं.

"अशोक लढत नाई," प्रेमदासजी शांतपणे म्हणाले.

"काऊन?"

"कलिंग झाल्यावर तलवार ठेवली त्यानं. आता मी पुन्हा त्याच्या हाती देऊ का?"

"अबे, मंग पत्त्यात कायले बसला तो?"

"ते तुह्या पोट्टीले विचार."

त्यांनी पाकिटातून एसटीचं जुनं तिकीट काढलं, त्याची पट्टी फाडली, तिच्यावर 'युद्ध सोडलं' असं लिहिलं आणि दुकानातल्या डिंकानं अशोकाच्या आकड्यांवर चिकटवली. सुंदर! म्हणजे एक योद्धा हरत नाही आणि दुसरा लढत नाही. आता तुम्हीच सांगा, खेळ पुढे जाणार कसा?

त्यात कौशल्याबाईंनी एकदा महाराजांचा पत्ता ओट्यावर वाऱ्यानं उडताना पाहिला. त्यांनी तो उचलून देव्हाऱ्यात ठेवला आणि वर कुंकू लावलं. बंडूजींनी मोठ्या मिनतवारीनं तो परत आणला, पण देव्हाऱ्यात सांडलेल्या कुंकवाचा पाठीवर डाग राहिला तो राहिलाच. आता पालथा पडला तरी महाराज ओळखू येतात. नागपूरहून रुचिकाचा फोन यायचा, "बाबा, झाला का डाव?" बंडूजी म्हणायचे, "होऊन राह्यला, होऊन राह्यला." खोटं! साफ खोटं!

पण एका दुपारी चमत्कार झाला. डाव रंगला. चहा निवून गेला तरी कोणी कप उचलला नाही. प्रेमदासजींपुढे पत्त्यांचा ढीग झाला, बंडूजींच्या हातात मोजकेच उरले. आज होणार, आज मी पुरा होणार, असं वाटून माझे कोपरे शहारले. आणि बंडूजींचा वरचा पत्ता निघाला तो महाराजांचा. समोर सिकंदर.

"फौज," प्रेमदासजी हसत म्हणाले. "अन् पेनाचा एक मी मानत नाई, आधीच सांगतो."

त्यांनी हात पुढे केला आणि महाराजांचा पत्ता उचलला. नियमानं उचलला. बंडूजींनी क्षणभर पाहिलं आणि त्यांच्या बोटांतून तो ओढून घेतला. दुपट्ट्यानं पुसला, या बाजूनं आणि त्या बाजूनं. कपाळाला लावला आणि छातीच्या खिशात ठेवला.

"महाराज नाई देत मी. दुसरा कोणताबी घे!" ते लहान पोरासारखे खिदळत होते.

प्रेमदासजी हसत नव्हते. ते दुपट्ट्याकडे पाहत होते. मग त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. उठले, चपला घातल्या आणि आपल्यापुढचे पत्ते तसेच घेऊन चालू लागले.

"अबे, रुसला का? उद्या येजो!" बंडूजी मागून ओरडले.

प्रेमदासजी दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत.

का आले नाहीत, ते मला त्याच संध्याकाळी कळलं. कारण माझा मोठा भाग त्यांच्या हातात होता. त्यांनी अन्नपूर्णाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितलं. शाळेत एकाच बाकावर बसायचे दोघं, पण पाण्याचा माठ आला की प्रेमदासला ओंजळ करावी लागायची आणि कोणीतरी वरून पाणी ओतायचं. तेव्हा बंडूच आपल्या गिलासानं चोरून पाणी पाजायचा. "अन् आज त्यानंच माह्या हातचा पत्ता पुसून घेतला, अन्नपूर्णा. बाजारात, सगळ्यायसमोर." एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून निजले.

अहो, मला काय वाटलं असेल! मला ठाऊक होतं ना! त्या माणसानं स्वतःच्या हातात असतानाही मला असंच पुसलं होतं, पहिल्या दिवसापासून. प्रेमदासजींनीही ते पाहिलं होतं, पण जुनी जखम उघडल्यावर ते आठवतं कुठं! तो धूळ पुसत होता, दुसरं काही नाही. बावन्न शूरवीर माझ्या पोटात, आणि एकालाही एवढं वाक्य बोलता येईना. कसले योद्धे? बेकार सगळे!

आणि बंडूजी? ते ओट्यावर बसून दोन कप चहा मागवायचे आणि दोन्ही स्वतःच प्यायचे. "पत्ता नाई देला म्हणून येवढा राग? ह्या वयात?" असं भिंतीशी बोलायचे. तेही हट्टी. विचारायला जातील तर शपथ! माझी डबी गल्ल्याजवळ पडून होती, जवळजवळ रिकामी. ढेपेची धूळ माझ्यावर बसत होती, आणि ती मात्र कोणी पुसत नव्हतं.

शेवटी कौशल्याबाई कडाडल्या. "चहाचा कप त्या भिंतीले पाजून राह्यले का तुम्ही? जा ना त्याच्या घरी! पोट्टी संक्रांतीले येऊन राह्यली. तिले काय सांगान, खेळ फाटला म्हणून?"

बंडूजी गेले. दारात चपला काढल्या. अन्नपूर्णाबाई "या भाऊजी" म्हणाल्या, पण आवाज कोरडा होता. प्रेमदासजी खाटेवर बसले होते, त्यांनी मानही वर केली नाही.

"कॅट पुरा पाह्यजे पोट्टीले," बंडूजी खाली पाहत म्हणाले. "म्हणून आलो."

"तथी हाय. घेऊन जा."

भिंतीच्या फळीवर बुद्धाची मूर्ती होती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. तिथं माझे पत्ते नीट रचून ठेवलेले, आणि सम्राट अशोक मूर्तीच्या पायाशी टेकवून उभा. आकड्यांवर तीच तिकिटाची पट्टी.

"हा इथी येऊन बसला का?" बंडूजी पुटपुटले. त्यांनी तो पत्ता उचलला. खांद्यावरचा दुपट्टा ओढला. पत्ता पुसला, या बाजूनं आणि त्या बाजूनं. कपाळाला लावला आणि परत होता तिथं ठेवला.

प्रेमदासजी खाटेवरून उठले.

"बंडू. हे काय केलं बे?"

"काय केलं?"

"पुसलं काऊन त्याले?"

बंडूजींनी दुपट्ट्याकडे असं पाहिलं, जणू तो आजच कोणी खांद्यावर टाकलाय. "माह्या हाताले धूय रायते ना ढेपेची. तसाच कपायाले लावू का सम्राटाले?"

अन्नपूर्णाबाई पदर तोंडाशी धरून आत गेल्या. प्रेमदासजी परत खाटेवर टेकले आणि म्हणाले, "मले वाटलं, माह्या हातचं म्हणून पुसलं."

बंडूजी त्यांच्यापुढे खाली बसले. डोळे भरून आले त्यांचे. "तुले असं वाटलं? माह्याबद्दल?"

"वाटलं. खोटं काऊन बोलू?"

"मंग तवाच दोन थोबाडीत ठेवून द्याच्या ना बे मले!"

मग त्यांनी छातीच्या खिशात हात घातला. इतके दिवस महाराज तिथंच होते. तो पत्ता त्यांनी काढला आणि न पुसता, तसाच, प्रेमदासजींच्या तळहातावर ठेवला. "घे. तू जिंकलता."

माझा जीव भांड्यात पडला. आता डाव पुरा! आता तरी!

प्रेमदासजींनी पत्ता निरखून पाहिला. डोळे पुसले. आणि म्हणाले, "नाई बे. फौज एकशे चाळीस लिहेल हाय इथी. मी हरलो. हे घे, सिकंदरबी तुले."

अरे देवा! दोघं एकमेकांच्या हातात पत्ते कोंबायला लागले. तू घे, नाई तू घे. अन्नपूर्णाबाईंनी चहा आणला तेव्हा माझे बावन्नही खाटेवर आणि खाटेखाली पसरलेले, कोणता कोणाचा ते देवालाच ठाऊक.

आता रोज दुपारी मी पुन्हा ओट्यावर असतो. पण खेळ काय खेळतात म्हणता! बंडूजी चांगला पत्ता मांडीखाली सरकवतात, प्रेमदासजी मुद्दाम लहान आकडा पुकारतात. मी एकानं दुसऱ्याला हरवावं म्हणून जन्मलो, आणि हे दोघं हरायला टपलेले. संक्रांतीला रुचिका आली. तिनं पेनाचा एक पाहिला, तिकिटाची पट्टी पाहिली, कुंकवाचा डाग पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"झाला का पण डाव?"

"हाव, झाला," दोघं एकदम म्हणाले.

"कोण जिंकलं?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

तर वाचकहो, हात जोडून सांगतो. कधी दुपारच्या वेळी आर्वीच्या बाजारात आलात, तर सरकी-ढेपेच्या दुकानाच्या ओट्यावर जरा टेका. चहा मिळेल. मला त्या दोघांच्या हातून काढून घ्या आणि एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत खेळा. हरवा कोणालातरी. आणि खेळता खेळता बंडूजींनी तुमच्या हातातला पत्ता ओढून दुपट्ट्यानं पुसला, तर उठून जाऊ नका. आधी विचारा.